नाणेघाटाची वाट व तेथील लेख

लोहाऱ्यास (जिल्हा यवतमाळ) बसून आम्हीं नाणेघाटचा लेख छापील पाठावरून अनेक वेळां वाचला होता. वाट मात्र पायांखालीं घातली नव्हती. गेल्या हिवाळ्यांत तो योग आला, आणि आमची एक जुनी समजूत सुटली.

सोपारा-कल्याणचा माल जुन्नरास नेणारी ही सातवाहनकालीन वाट. मुरबाडच्या पुढें वैशाखऱ्याजवळून चढ लागतो. आधीं झाडी, मग दगडगोट्यांची चढण, शेवटीं कातळ फोडून केलेली अरुंद खिंड. साठी उलटलेल्या गुडघ्यांस ही चढण चांगलीच जाणवते. दम लागतो नेमका तेथेंच लेणें व पाण्याचीं टांकीं आहेत. ही योजना नकाशावरून कळत नाहीं. खिंड संपली कीं घाटघरचें गवताळ पठार व समोर जीवधन.

लेण्याच्या मागील भिंतीवर राजकुलाच्या प्रतिमा होत्या. आज पावलांच्या खुणा व वरचीं नांवें तेवढीं उरलीं आहेत: सिमुक सातवाहन, देवी नायनिका व राजा सातकर्णि, महारठी त्रनकयिरो इत्यादि. बाजूच्या भिंतींवर मोठा लेख आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं त्यावर परिश्रम केले व ब्यूलर यांनीं १८८३ त तो प्रसिद्ध केला. या लेखांत राणीचें नांव अभंग राहिलेलें नाहीं; तें प्रतिमेवरील अक्षरांच्या आधारानें जुळविलेलें आहे. पोथीचें शेवटचें पान गळालें असतां दुसऱ्या पानावरून लेखकाचें नांव काढावें, तसाच हा प्रकार. पोथ्या जमविणारांस त्याचें बळ व त्याची मर्यादा दोन्ही ठाऊक आहेत.

लेखाचा आरंभ धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य व चार लोकपाल यांच्या वंदनानें होतो. पुढें अश्वमेध, राजसूय इत्यादि यज्ञ आणि दक्षिणेच्या गाई व कार्षापण. हे आंकडे ब्राह्मी अंकांत आहेत. शून्य नसल्यानें दहा, शंभर व हजार यांस निराळीं चिन्हें योजिलीं आहेत.

आतां ती समजूत. खिंडीच्या माथ्यावर दगडी रांजण आहे. त्यांत जकातीचीं नाणीं टाकीत, अशी लोकवार्ता. लेखांतील कार्षापण त्याच जकातीचे, असें आम्हीं वर्गांत वर्षानुवर्षें सांगत आलों. पण जकातीचा तेथें शब्दही नाहीं. ते ऋत्विजांच्या दक्षिणेचे आहेत. खिंडीची अरुंद जागा जकातीस सोयीची आहे खरी, व लोकवार्ता खोटी असें आम्ही म्हणत नाहीं. मात्र तिला या लेखाची साक्ष जोडतां येत नाहीं.