बंदी उठली, पण इंजिन चालू होईना? आधी हे बघा

मंडळी, 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस बोट उभी. 1 ऑगस्टला पहाटे बर्फ भरला, डिझेल भरलं, खलाशी चढले, आणि इंजिन काही उठत नाही! डिचोलीला दर्याकिनारा नसला तरी मांडवी आहे, आणि खाली मालिमच्या जेटीवर दरवर्षी हा प्रकार दिसतो. अशा वेळी माणूस एकच करतो: सेल्फवर सेल्फ मारत सुटतो. नुकसान तिथेच होतं.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबली जाऊन इतकी तापते की आत फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. म्हणून त्याला तीनच गोष्टी लागतात: जोरात फिरणं, स्वच्छ डिझेल आणि हवा. याच क्रमाने तपासा.

1) सोप्या चुका. गियर न्यूट्रलला आहे? स्टॉप केबल ओढलेली राहिली नाही ना? टाकीचा कॉक उघडा आहे? पावसात पाणी जाऊ नये म्हणून सायलेन्सरच्या तोंडात कोंबलेलं फडकं काढलं का? हसू नका, असं होतं.

2) बॅटरी. सेल्फ नुसता कट-कट करतो किंवा इंजिन रडत फिरतं, तर आधी टर्मिनल घासून आवळा. खाऱ्या हवेत ती पांढरी-हिरवी पडतात. पूर्ण चार्ज असलेली 12 व्होल्टची बॅटरी उभ्या स्थितीत सुमारे 12.6 दाखवते. सेल्फ मारताना 9.6 च्या खाली गेली तर बॅटरी कमजोर आहे किंवा जोडणी खराब आहे.

3) डिझेल. इंजिन जोरात फिरतं पण सायलेन्सरमधून धूरच नाही, म्हणजे डिझेल आत पोचत नाही. अर्धी टाकी ठेवून बोट उभी केली की आतल्या दमट हवेचं पाणी होऊन तळाला बसतं. फिल्टरखालचा स्क्रू उघडून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या. पाणी असेल तर खाली वेगळं दिसेल. स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढा, फिल्टर बदला.

4) एअर. फिल्टर बदलला की लाइनीत हवा शिरतेच. एअर स्क्रू सैल करून हातपंप मारा. आधी फेस येईल. फेस जाऊन सलग धार लागली की पंप मारता मारताच स्क्रू आवळा. नोझलच्या पाइपापाशी बोट नेऊ नका. तिथली बारीक धार कातडी फोडून आत शिरते.

पांढरा धूर येतो पण इंजिन धरत नाही, म्हणजे डिझेल पोचतंय, पेटत नाही. अशा वेळी बॅटरी आणि एअर फिल्टर पुन्हा बघा, मग मेकॅनिकला बोलवा. हवेच्या तोंडात पेट्रोल टाकू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ज्या बोटीत गार करायचं खारं पाणी सायलेन्सरमधूनच बाहेर जातं, तिथे प्रत्येक सेल्फबरोबर पाणी साठत जातं. इंजिन चालू नसल्याने ते ढकलायला धूर नसतो. शेवटी ते उलटं सिलिंडरमध्ये शिरतं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून एका वेळी 10 सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ नको, मध्ये दोन मिनिटं थांबा. दोन-तीन वेळा चुकलं की पाण्याचा कॉक बंद करूनच पुढे जा, आणि इंजिन लागताक्षणी उघडा, नाहीतर पंपाचा रबरी पंखा जळेल. फिरताना इंजिन अडकलं, तर जोर लावू नका.

पुढच्या वेळी बोट उभी करताना टाकी पूर्ण भरा, आणि बंदी उठायच्या आठ दिवस आधी इंजिन चालवून बघा. इंजिन जेटीवर रुसलं तर एक दिवस जातो. ऑगस्टच्या लाटांत, मांडवीच्या मुखाशी बंद पडलं तर माणसं जातात. समुद्रात अडकलात तर तटरक्षक दलाचा नंबर 1554. तांडेलाच्या केबिनमध्ये मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.