वीजखांबावर वाहन आदळल्यानंतरची सुरक्षितता

वाहन विजेच्या खांबावर किंवा रोहित्रावर (बोलीभाषेत ‘डीपी’) आदळल्यास तुटलेल्या तारांमुळे वाहन आणि भोवतालची जमीन यांत वीजप्रवाह उतरू शकतो. त्यामुळे धडकेतून सुखरूप बचावलेली व्यक्ती घाईने बाहेर पाऊल टाकल्याने दगावण्याची शक्यता असते.

धोक्याचे स्वरूप

महाराष्ट्रात घरगुती वीजपुरवठा सुमारे २३० व्होल्टचा असतो, तर रस्त्यालगतच्या उच्चदाब वाहिन्या सामान्यतः ११, २२ किंवा ३३ हजार व्होल्टच्या असतात. जिवंत तार जमिनीला टेकली की प्रवाह चहूकडे पसरतो. तारेपाशी विद्युतदाब सर्वाधिक असतो व अंतरागणिक तो घटत जातो. चालताना दोन पाय वेगवेगळ्या दाबाच्या जागी पडतात आणि प्रवाह एका पायातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडतो. पाऊल जितके लांब, तितका धोका अधिक. गुरांच्या पुढच्या व मागच्या पायांतील अंतर जास्त असल्याने त्यांना हा धोका विशेष असतो.

वाहनातील व्यक्ती

मोटारीचा धातूचा सांगाडा व आतील व्यक्ती समान विद्युतदाबावर असल्याने शरीरातून प्रवाह वाहत नाही. टायर रबरी असल्याने संरक्षण मिळते, हा समज चुकीचा आहे. वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री वीज कर्मचारी देईपर्यंत आतच बसावे, धातूच्या भागांना स्पर्श टाळावा आणि जवळ येणाऱ्यांना ओरडून थांबवावे. दुचाकीस्वाराला असे संरक्षण नसते.

वाहनाने पेट घेतल्यास मात्र बाहेर पडणे अपरिहार्य ठरते. वाहन व जमीन यांना एकाच वेळी स्पर्श होणार नाही अशा बेताने, दोन्ही पाय जुळवून उडी मारावी. नंतर पाय जमिनीवरून न उचलता, टाच व चवडा लगत ठेवून, तोकड्या सरकत्या पावलांनी किमान १० मीटर दूर जावे. परत वाहनाकडे वळू नये.

मदतीला येणाऱ्या व्यक्ती

जखमींकडे धावत जाणे स्वाभाविक असले तरी त्यातून बळींची संख्या वाढते. किमान १० मीटर अंतर राखून ११२ या आपत्कालीन क्रमांकावर व १९१२ या वीज तक्रार क्रमांकावर कळवावे. खांबावर क्रमांक रंगवलेला असल्यास तो सांगावा. त्यामुळे नेमकी वाहिनी ओळखणे सोपे जाते.

गैरसमज

ठिणग्या नाहीत किंवा परिसरातील दिवे गेले, म्हणजे तार मृत झाली असे नव्हे. उपकेंद्रातून वाहिनी पुन्हा सुरू केली जाऊ शकते. एखाद्या जनित्रातूनही उलटा प्रवाह येऊ शकतो. सुक्या काठीने तार बाजूला सारण्याचा उपाय उच्चदाब वाहिनीबाबत प्राणघातक ठरू शकतो.