विळीवरचा पाठ

आम्हा गोवेकरांच्या घरी बांगडा हा पाहुणा नव्हे, तो घरचाच. वरचेवर ताटात येणाऱ्या या माशाची आपल्याला पूर्ण ओळख आहे, असे आपण गृहीत धरतो. मे महिन्याच्या अखेरीस बारावीत शिकणारी माझी भाची सुट्टीला आली आणि माझा हा समज गळून पडला.

ओसरीवर बसून ती अस्थिमत्स्याच्या शरीररचनेचे पाठांतर करीत होती : ‘‘माशाचे हृदय दोन कप्प्यांचे असते, एक कर्णिका व एक जवनिका.’’ आत माझी पत्नी बांगडे साफ करीत होती. मी म्हटले, ‘‘अगं, तुझे पुस्तकच मामीच्या विळीपाशी पडले आहे. यातले हृदय दाखव पाहू!’’ तिने पोटाच्या मध्यावर बोट ठेवले. मामी हसून म्हणाली, ‘‘तिथं कुठं गं? इथं बघ, गळ्याशी.’’

मग त्या दिवशी स्वयंपाकघराचीच प्रयोगशाळा झाली. प्रथम बाह्यांग पाहिले. पाठ निळसर-हिरवी, पोट रुपेरी. वरून पाहणाऱ्याला मासा पाण्यात मिसळून जातो, खालून पाहणाऱ्याला उजेडात. पाठीवर दोन पर आणि त्यांच्यामागे शेपटीपर्यंत पाच इवलीशी सुटी परे. तशीच पाच खालच्या अंगाला. कुशीवरून जाणारी बारीक रेघ म्हणजे पार्श्वरेखा. पाण्यातली हालचाल माशाला तिच्यामुळे जाणवते. कल्ल्यांवरचे हाडाचे झाकण हे अस्थिमत्स्याचे लक्षण. कास्थिमत्स्य असलेल्या मोरीला असे झाकण नसते. तिच्या कल्ल्यांच्या फटी उघड्याच दिसतात.

मामी ताजेपणा पारखण्यासाठी नेहमी हे झाकण उचलते. आज भाचीने त्याखालच्या लालभडक कमानी मोजल्या. एका बाजूला चार. कमानींच्या आतल्या बाजूला लांब दाते होते. पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून घेण्याची ती बांगड्याची चाळणीच.

नंतर गुदद्वारापासून गळ्यापर्यंत, आतले अवयव दुखावणार नाहीत अशा बेताने पोट उघडले. गळ्याशी चिमुकले लाल हृदय, त्यामागे यकृत, मग जठर व आतडी. हृदयातून निघालेले रक्त प्रथम कल्ल्यांत जाते, तेथे प्राणवायू घेते आणि तेथूनच सर्व शरीरात पोहोचते. म्हणूनच हृदय कल्ल्यांच्या इतके निकट! पाठ केलेल्या वाक्याचा अर्थ मुलीला आता उमगला.

पाठीच्या कण्याखालची काळसर लाल पट्टी मामी रोज नखाने खरवडून काढते. ‘‘हे साकळलेलं रक्तच ना?’’ तिने विचारले. ‘‘नाही मामी, हे मूत्रपिंड!’’ भाची उद्गारली. तीस वर्षे हाताळलेल्या वस्तूचे नाव मामीला त्या दिवशी कळले. पुस्तकाला जागा ठाऊक नव्हती, हाताला नाव ठाऊक नव्हते. आणि मराठीच्या या एम. ए.ला दोन्ही ठाऊक नव्हते.

शेवटच्या बांगड्यात गाबोळी निघाली. हजारो अंडी पाहून भाची क्षणभर स्तब्ध झाली. अनेक माशांचा विणीचा काळ पावसाळ्याच्या सुमारास येतो. म्हणूनच १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, ६१ दिवस, आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. ‘‘मामा, आता ही बंदी मला कुणी समजावून सांगायला नको,’’ ती म्हणाली.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राणिशास्त्राच्या वर्गांतील विच्छेदन टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या सूचना दिल्या. केवळ शिकण्यासाठी जीव घेऊ नये, ही भूमिका मला मान्य आहे. परंतु जो मासा जेवणासाठी घरात आलाच आहे, त्याच्यापासून शिकताना अधिक हत्या होत नाही. उलट, आपण काय खातो याची जाणीव होते आणि ताटातल्या जिवाविषयी आदर वाढतो.

पालकहो, पुढच्या खेपेस मासे साफ करताना मुलांना ‘वास येईल, लांब राहा’ असे म्हणू नका. त्यांना विळीपाशी बोलवा. आणि त्यांनी काही सांगितले, तर आपणही ऐकून घ्या.