स्टेरॉइड संप्रेरके आणि पेशीपटलावरील ग्राही

स्टेरॉइड संप्रेरके मेदविद्राव्य असल्यामुळे पेशीपटल सहज ओलांडतात, पेशीतील ग्राहीशी संयोग पावतात आणि विशिष्ट जनुकांचे प्रतिलेखन नियंत्रित करतात, असे विवेचन पदवी स्तरावर प्रचलित आहे. ते चुकीचे नाही, अपुरे आहे. जनुकाच्या मार्गाने परिणाम दिसण्यास बराच अवधी लागतो. परंतु १९६७ मध्ये सेगो व डेव्हिस यांना इस्ट्राडायोल दिलेल्या उंदरांच्या गर्भाशयात एका मिनिटाच्या आत चक्रीय एएमपीची वाढ आढळली.

बेडकाच्या अंडपेशीने हा प्रश्न अधिक धारदार केला. प्रोजेस्टेरॉनमुळे ही पेशी परिपक्व होते. १९७१ मध्ये मासुई व मार्केर्ट यांनी दाखविले की, केंद्रक काढून टाकल्यावरही तिच्यात परिपक्वता घडविणारा घटक निर्माण होतो. मात्र संप्रेरक थेट पेशीच्या आत टोचल्यास परिणाम होत नाही. यावरून ग्राही पटलावर असावा, असे अनुमान निघाले. ते पूर्णतः निर्विवाद राहिले नाही. १९८२ मध्ये तेलात विरघळवून टोचलेले प्रोजेस्टेरॉन परिणामकारक ठरले आणि २००० मध्ये परिचित, म्हणजे केंद्रकीय मानला गेलेला ग्राहीच या परिपक्वतेत भाग घेतो, असे पुरावे मिळाले. एखादे प्रथिन पटलावर संप्रेरकाला चिकटते, एवढ्यावरून त्यास ग्राही ठरविणे घाईचे होते, हे येथे लक्षात घ्यावे.

मानवी शुक्राणूबाबत मात्र पळवाट उरत नाही. त्यातील डीएनए अतिशय घट्ट गुंडाळलेला असून प्रतिलेखन जवळजवळ थांबलेले असते. तरीही अंडपेशीभोवतालच्या पेशींतून स्रवणाऱ्या प्रोजेस्टेरॉनमुळे त्यात कॅल्शियम वेगाने शिरते. २०११ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी हा प्रवेश शेपटीवरील ‘कॅट्‌स्पर’ वाहिनीतून होतो, असे सिद्ध केले. २०१६ मध्ये एबीएचडी२ हे पटलस्थित विकर प्रोजेस्टेरॉनचा ग्राही म्हणून पुढे आले. ते वाहिनीला रोखून धरणाऱ्या मेदद्रव्याचे विघटन करते, असे प्रतिपादन आहे. कॅट्‌स्परच्या जनुकांत दोष असलेले पुरुष वंध्य आढळले असल्याने हा प्रश्न केवळ सैद्धांतिक नाही.

पटलावरील ग्राही नेहमी निराळेच प्रथिन असते, असेही नाही. इस्ट्रोजेनच्या अल्फा ग्राहीचा काही अंश पामिटिक आम्लाची जोड मिळाल्याने पटलाशी बांधला जातो. ही जोड जेथे होते ते सिस्टीन बदललेल्या उंदरांवरील निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. या माद्यांच्या गर्भाशयातील जनुकीय प्रतिसाद बहुतांशी टिकून होता. रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तरावरील त्वरित परिणाम मात्र नाहीसा झाला होता आणि माद्या वंध्य होत्या. त्यांच्या अंडाशयांत पीतपिंड आढळले नाहीत.