एक मिलिमीटर पाऊस आणि तीन प्रश्न

दहावीचा निकाल लागला की आपण विज्ञानाचे गुण पाहतो आणि पेढे वाटतो. अडचण अकरावीत कळते. पाठ केलेला प्रश्न जरा फिरवून आला की मूल अडते. मुलगी असेल तर घरात कोणीतरी लगेच म्हणते, "सायन्स हिला झेपायचं नाही, आर्ट्सला टाका." तिला वर्गात विचार करायला कधी वेळ मिळाला होता का, हे मात्र कोणी विचारत नाही.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात 1967 पासून 'प्रोजेक्ट झीरो' हा संशोधन प्रकल्प चालतो. तेथील अभ्यासकांनी वर्गासाठी विचार करण्याच्या काही छोट्या पद्धती तयार केल्या. त्यांतली सर्वांत सोपी तीन प्रश्नांची आहे : काय दिसते? त्यावरून काय वाटते? कोणता प्रश्न पडतो? मुलांचे बोलून होईपर्यंत शिक्षकाने उत्तर सांगायचे नाही. भरलेला वर्ग आणि पुढे धावणारा अभ्यासक्रम पाहता हीच अट सर्वांत अवघड आहे, हे आम्हाला मान्य आहे.

या प्रश्नांसाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. आपल्या नगर जिल्ह्यातले हिवरे बाजार घ्या. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली पालटलेल्या या गावात पाऊस मोजतात, विहिरींची पातळी पाहतात आणि ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवतात. हाच ताळेबंद विज्ञानाच्या तासाला मुलांपुढे ठेवावा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. गावाचे क्षेत्र सुमारे 976 हेक्टर, म्हणजे एका मिलिमीटरला 97 लाख 60 हजार लिटर. वर्षाला 400 मिलिमीटर पाऊस धरला तर 390 कोटी लिटर!

हे झाले दिसणारे. आता मुलांना खरा प्रश्न पडतो : एवढे पाणी पडत होते, तर 1972 च्या दुष्काळानंतर गावातली माणसे पोटासाठी बाहेर का गेली? कोणी म्हणेल उन्हाने आटले, कोणी म्हणेल वाहून गेले. मग "कशावरून म्हणतोस?" असे विचारायचे. बोडक्या डोंगरावर पाणी का थांबत नाही, चर खणल्याने आणि झाडे लावल्याने काय होते, शेतीसाठी बोअर घ्यायला गावाने बंदी का केली, इथपर्यंत मुले स्वतः पोहोचतात. बाष्पीभवन आणि भूजल हे शब्द नंतर आले तरी चालतात.

"कशावरून?" हा प्रश्न आपल्याला परका नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसम यांनी, डोळ्यातून किरण निघतात म्हणून दिसते, हे थोरामोठ्यांचे मत नुसत्या आदरापोटी स्वीकारले नाही. अंधाऱ्या जागेत बारीक छिद्रातून दिव्यांचा प्रकाश आत घेऊन त्यांनी तो तपासला.

आणखी एक. घरात दखनी, शाळेत मराठी, अशी आपली कितीतरी मुले आहेत. वाटते ते दखनीत बोलले तरी बोलू द्यावे; वहीत मराठीत उतरवायला नंतर वेळ आहे. भाषा चुकेल या भीतीने गप्प बसलेले मूल विचार करते की नाही, हे शिक्षकाला कळणार तरी कसे?

पुढच्या पावसात अंगणात किंवा गच्चीवर दोन डबे शेजारी ठेवा, एक रुंद आणि एक अरुंद, दोन्ही सरळ उभ्या कडांचे. पट्टीने पाण्याची उंची मोजण्याआधी मुलांना विचारा, कोणत्या डब्यात पाणी जास्त चढले असेल? उत्तर तुम्ही सांगू नका.