चरातली केबल: सौर जोडणीतले पक्के गैरसमज

ऑगस्ट 2024 मध्ये पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरली. सातारा-सांगलीत आता छपरावरच्या पॅनेलबद्दल लोक बारकाईने विचारतात: किती वॅटचं, कोणत्या कंपनीचं, अनुदान किती. पॅनेलपासून मीटरपर्यंत चरातून जाणाऱ्या केबलचा विषय मात्र 'वायरमन बघेल' यावर संपतो. चर एकदा बुजवला की ती केबल पुन्हा कुणी उघडून पाहत नाही, म्हणून हिशेब आधीच व्हायला हवा.

'जमीन गार असते, म्हणून पुरलेली केबल तापत नाही.' हा सगळ्यात घट्ट बसलेला समज. थेट मातीत पुरलेल्या केबलची उष्णता माती ओढून घेते, हे खरं. पण पाइपात केबलभोवती हवा कोंडलेली असते आणि उष्णता तिथेच अडते. 25 चौरस मिलिमीटरच्या, पीव्हीसी आवरणाच्या बहुगाभा ॲल्युमिनियम केबलचा भारतीय मानकातला तक्ता पाहा: थेट जमिनीत 76 अँपिअर, उघड्या हवेत 70, पाइपात फक्त 63. हे आकडे जमीन 30 अंश आणि हवा 40 अंश धरून काढलेले आहेत. जत किंवा माणमधला एप्रिलचा कोरडा मुरूम उष्णता नीट वाहून नेत नाही. कृष्णाकाठची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइपाभोवती पोकळी राहते. घरातला भार तर कमी-जास्त होतो. सौर केबलमधून मात्र ऐन उन्हाळ्यात तासन्‌तास जवळपास पूर्ण प्रवाह जात असतो. म्हणून तक्त्यातल्या आकड्यातूनही काही वजा करावं लागतं.

'एकाच पाइपात सगळ्या वायरी ओढल्या की खर्च वाचतो.' पाइपाचा खर्च वाचतो खरा. पण तीन सर्किटं एकत्र ओढली, तर आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे प्रत्येकाची क्षमता 70 टक्क्यांवर येते. 30 अँपिअरची केबल 21 ची होते. लोखंडी पाइप वापरला असेल, तर एसीची फेज आणि न्यूट्रल एकाच पाइपातून न्यायला हवी. दोन्ही वेगवेगळ्या पाइपांतून नेल्या, तर पाइपच तापू लागतो.

'अँपिअर झेपतात ना, मग झालं.' शेतातल्या जोडणीत बहुतेक वेळा अंतरच आडवं येतं. समजा, गोठ्याच्या छपरावर 5 किलोवॅटची सिंगल फेज यंत्रणा आहे आणि मीटर 40 मीटरवर. प्रवाह सुमारे 22 अँपिअर. 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल एवढा प्रवाह सहज नेते, पण जाण्या-येण्याच्या 80 मीटरमध्ये साधारण साडेसात व्होल्ट खाते. केबल तापली की आणखी. 10 ची टाकली, तर तीन व्होल्ट.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. पंपाला जाणाऱ्या केबलमध्ये पुढच्या टोकाला व्होल्टेज घटतं, तर वीज ग्रिडकडे ढकलणाऱ्या इन्व्हर्टरच्या टोकाला ते तेवढंच चढतं. वस्तीतलं व्होल्टेज दुपारी आधीच चढं असेल, तर इन्व्हर्टर मर्यादा ओलांडून ट्रिप होतो, तेही उत्पादन सर्वांत जास्त असताना. मग दोष कंपनीवर जातो, नवा इन्व्हर्टर मागितला जातो. खरं कारण चरात असू शकतं.

'फ्यूज आहे, तो वाचवेल.' पॅनेलच्या डीसी बाजूला हा भरवसा धोक्याचा आहे. 550 वॅटच्या पॅनेलचा चालू प्रवाह 13 अँपिअरच्या आसपास असतो आणि शॉर्ट झाल्यावरचा सुमारे 14. एवढ्याशा फरकाने फ्यूज उडत नाही. उंदराने कुरतडलेल्या जागी ठिणगी पेटली, तर ऊन असेपर्यंत ती चालू राहू शकते. त्यामुळे डीसी केबल निवडताना शॉर्टचा प्रवाह किमान सव्वापट धरावा आणि मध्ये जोड अजिबात देऊ नये.

दुकानात वायर बोटांनी चाचपून घेणाऱ्यांसाठी: जाड लागतं ते बहुधा आवरण. चार एमएम म्हणजे तांब्याच्या छेदाचं क्षेत्रफळ, जाडी नव्हे.

'पाइप आहे, म्हणजे आत पाणी जाणार नाही.' पावसाळ्यात पाटणमध्येच काय, तासगावातही चरातला पाइप कोरडा राहील असं धरून चालू नये. पाण्यात टिकेल अशी केबल घ्यावी, पाइपाला थोडा उतार द्यावा, वरचं तोंड खाली वळवावं. खोली पाऊण मीटर ठेवावी, म्हणजे उसाची खोल नांगरटही पाइपापर्यंत पोहोचत नाही. चर उघडा आहे तोवर शेजारी आत दोरी घातलेला एक रिकामा पाइप टाकून घ्यावा. पुढे पॅनेल वाढले, तर रान पुन्हा खणावं लागणार नाही.