टेबल किती जणांचं?

केळवण आता हॉटेलात होऊ लागलं आहे. ठाण्या-पुण्याच्या मराठी हॉटेलांत आधी सांगून ठेवलं की ताटाभोवती रांगोळी, ताटात केळीचं पान, बाजूला समई असा सगळा थाट तयार मिळतो. यावर नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. मला मात्र त्यात एक गोष्ट आवडते. एरवी जिच्या घरी हे केळवण झालं असतं ती मावशी पहिल्या पंगतीला भाचीच्या शेजारी बसलेली असते आणि तिच्या ताटात गरम पुरी दुसरंच कुणीतरी आणून वाढतं.

आईची साठी, बाबांची पंचाहत्तरी, लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, परदेशी निघालेल्या मुलीचा निरोप ही सगळी जेवणं बघता बघता घराबाहेर गेली. मग ‘कुठे जायचं?’ हा कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवडाभर चालणारा विषय झाला. चर्चेची सुरुवात बहुतेक वेळा नावापासून होते: अमुक यादीत आलेलं, तमुक नटीने फोटो टाकलेलं. माझं म्हणणं असं की सुरुवात डोकी मोजण्यापासून करावी. दोघांचं जेवण, सहा जणांचं जेवण आणि बारा जणांचं जेवण यांची जातकुळीच वेगळी. एकासाठी उत्तम असलेली जागा दुसऱ्यासाठी चक्क वाईट ठरू शकते, आणि हे जेवण महाग असलं की जास्तच खरं होतं.

मुंबईत ‘मोठ्या हॉटेलात’ जायची सवय मराठी मध्यमवर्गाला तशी उशिराच लागली. ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडलं, पण ते समोरच्या कठड्याशी उभं राहून बघायचं, आत जायचं नाही, ही समजूत दोन-तीन पिढ्या टिकली. चर्चगेटचं गेलॉर्ड १९५६ चं, वरळीचं कॉपर चिमनी १९७२ चं. बढती मिळाली, मुलगा इंजिनिअर झाला की अशा ठिकाणी जायचं. अँबॅसडर हॉटेलच्या माथ्यावरच्या फिरत्या रेस्टॉरंटमध्ये नेलेल्या मुलांना जेवणात काय होतं ते आठवत नाही, मरीन ड्राइव्ह खिडकीतून सरकत गेला एवढंच आठवतं. १९७३ मध्ये ताजमध्ये गोल्डन ड्रॅगन सुरू झालं आणि सिचुआन पद्धतीचं तिखट चिनी जेवण मुंबईच्या श्रीमंतांना कळलं. तिथून ते उतरत उतरत गल्लीतल्या लाल दिव्यांपर्यंत आलं.

चिनी जेवण आपल्या कुटुंबांना इतकं का मानवलं, याची कारणं चवीत शोधली जातात. मला ते श्रेय अर्धं तरी टेबलाला द्यावंसं वाटतं. गोल टेबल, मधे फिरती तबकडी, सगळे पदार्थ सगळ्यांचे. आठ माणसं एकमेकांची तोंडं पाहू शकतात. लांबट टेबलावर बारा जण बसवले की दोन टोकांना दोन वेगळ्या पार्ट्या होतात आणि मधोमध बसवलेल्या सत्कारमूर्ती आजोबांना दोन्हीकडचं अर्धं-अर्धं ऐकू येतं. म्हणून आठ ते दहा जणांसाठी जागा ठरवताना मी पहिली चौकशी गोल टेबलाची करतो, मेन्यूची नंतर. दुसरी चौकशी आवाजाची. उघड्या विटा, काचा, लाकडी जमीन, वर पडदे नाहीत आणि गालिचे नाहीत, अशा आजच्या फॅशनच्या खोलीत रात्री नऊ वाजता कानाचं यंत्र लावणारा माणूस अक्षरशः एकटा पडतो. जुन्या पंचतारांकित हॉटेलांतले जाड गालिचे जुनाट दिसतात खरे, पण तिथे बोललेलं ऐकू येतं.

दुपारी जावं, असंही माझं मत आहे. स्वयंपाकघर तेच, गर्दी कमी, कित्येक ठिकाणी ठरावीक दराचं दुपारचं जेवण रात्रीपेक्षा बरंच स्वस्त आणि म्हाताऱ्या माणसांना रात्रीचं जड खाणं टळतं. बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया तर १९२३ पासूनचं, आणि त्याची ओळखच दुपारच्या जेवणाची. ते काही उंची हॉटेल नव्हे, पण बेरी पुलाव खायला तिथे तीन पिढ्या एकत्र आलेल्या दिसतात. आणि थाळी! काळबादेवीचं ठाकर भोजनालय १९४५ चं. बारा जणांच्या कुटुंबासाठी थाळीइतकी सोयीची व्यवस्था अजून कुणी शोधलेली नाही. मेन्यू वाचायचा नाही, कुणी काय मागवलं यावरून रुसवे नाहीत, आणि पाहुण्याची नजर किमतीच्या रकान्यावरून फिरत नाही. यजमानाला ओशाळं करणारी खरी जागा तीच असते. काका ‘मला फक्त सूप’ म्हणतात तेव्हा त्यांना भूक नसते असं नाही. ताजच्या झोडिअ‍ॅक ग्रिलने सुरुवातीच्या काळात या रकान्यालाच फाटा दिला होता: किंमत छापलेली नाही, जेवणाचं जे मोल वाटेल ते द्या. आता ते रेस्टॉरंट नाही. अशा प्रयोगात आपला मराठी माणूस जेवणभर मनातल्या मनात आकडेमोडच करत बसला असता, ते सोडा.

बुफेबद्दल मात्र माझं मत वाईट आहे. लहान मुलं असतील तर ठीक. पण ज्या जेवणाचा हेतू एकत्र बसणं हाच आहे, त्यात टेबल एकदाही पूर्ण भरत नाही. सतत कुणीतरी उठलेलं असतं, आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांचं ताट दुसऱ्यांच्या आवडीने भरून येतं.

आता दुसरं टोक: दोघांचं जेवण. गेल्या दहा वर्षांत मुंबईत सगळ्यात जास्त बोलबाला झाला तो टेस्टिंग मेन्यूचा. शेफ ठरवेल ते, शेफ ठरवेल त्या क्रमाने, दहा-बारा किंवा त्याहून अधिक छोटे छोटे पदार्थ. २०१६ मध्ये महालक्ष्मीला सुरू झालेलं मास्क हे त्यातलं अग्रगण्य. आशियातल्या पन्नास उत्कृष्ट रेस्टॉरंटच्या यादीत ते २०२३ साली सोळाव्या क्रमांकावर होतं. फोर्टमध्ये किताब महालातलं ‘एका’, वांद्र्याला जेमतेम बारा खुर्च्यांचं पापाज, संपूर्ण शाकाहारी टेस्टिंग मेन्यू देणारं सांताक्रूझचं अवतारा, ही त्याच वाटेवरची नावं. इथे अडीच-तीन तास सहज जातात. दर पंधरा मिनिटांनी कुणीतरी येऊन समोरच्या इवल्याशा वस्तूची कहाणी सांगतं आणि ती ऐकून घ्यावी लागते, कारण तुम्ही पैसे तिचेही दिलेले असतात. दोघांना, फार तर चौघांना, हे सुंदर आहे. लग्नाला पंचवीस वर्षं झालेल्या जोडप्याला बोलायला नवे विषय मिळतात, ही त्यातली मोठीच सोय. पण ऐंशी वर्षांच्या आजींना सातव्या पदार्थानंतर ‘जेवण कधी आणणार?’ असं विचारावंसं वाटलं, तर चूक आजींची नाही. टेस्टिंग मेन्यूला ताटाकडे बघणारी माणसं हवी असतात. कौटुंबिक सोहळ्यात माणसं एकमेकांकडे बघायला आलेली असतात.

ताऱ्यांबद्दलही एक खुलासा करून टाकतो. मिशेलिनची गाईड भारतासाठी निघत नाही, त्यामुळे इथल्या कुठल्याही रेस्टॉरंटला तो तारा असू शकत नाही. जाहिरातीत ‘मिशेलिन’ दिसलं तर तो मान शेफने दुसऱ्या देशात मिळवलेला असतो. नरिमन पॉइंटच्या ओबेरॉयमधलं झिया ज्यांच्या नावाने ओळखलं गेलं त्या विनीत भाटिया यांना तो २००१ मध्ये लंडनमध्ये मिळाला. अवताराचं दुबईतलं भावंड तारांकित आहे, मुंबईतलं नाही. तारा नसल्याने जेवण कमी चविष्ट होत नाही, पण हे ठाऊक असलं की पाहुण्यांना सांगताना आपली फजिती होत नाही.

मास्क ज्या आवारात आहे ती शक्ती मिलच्या गल्लीतली लक्ष्मी मिल. बॉम्बे कँटीन २०१५ मध्ये सुरू झालं ते लोअर परळच्या कमला मिलमध्ये. म्हणजे मुंबईतलं आजचं महागडं जेवण बऱ्याच अंशी गिरणगावात जेवलं जातं. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर ज्या गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्या नाहीत, त्यांच्याच छपरांखाली. याच भागात कोकणातून आणि घाटावरून एकट्याने आलेल्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळी बायकांनी चालवल्या होत्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. नातवाने नोकरीतल्या पहिल्या बोनसमधून गिरणी कामगार आजोबांना इथे जेवायला आणणं ही कल्पना गोड आहे, पण आजोबांना ती आवडेलच असं धरून चालू नये. काहींना अभिमान वाटतो. काही जण आत पाऊल टाकतात आणि गप्प होतात. आधी विचारलेलं बरं.

त्याच कमला मिलमध्ये २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर गच्चीवरच्या एका पबला आग लागली आणि १४ माणसं गेली. तिथे वाढदिवस साजरा करायला आलेली मंडळी होती. कित्येक जण आसऱ्यासाठी प्रसाधनगृहात शिरले आणि धुराने गुदमरले. तेव्हापासून गच्चीवरची, बांबू-कापडाच्या छताखालची जागा दाखवली की मी बाहेर पडायचा दुसरा जिना कुठे आहे ते पाहून घेतो. सोबतचे लोक हसतात. हसू देत.

मराठी जेवणाच्या वाट्याला उंची टेबल मात्र फार आलं नाही. गोवा पोर्तुगीजा चालवणाऱ्या आवचट दांपत्याने माहीमला ‘दिवा महाराष्ट्राचा’ काढलं आणि पाहुण्यांना अभिमानाने नेता येईल अशी एक जागा झाली. ठाण्यात मेतकूट आहे. पण पंचतारांकित हॉटेलांत पेशावर, अवध, चेट्टीनाड सगळे नांदतात, आणि कोल्हापूर किंवा सावंतवाडी अन्नमहोत्सवापुरते पंधरा दिवस येऊन जातात. याला हॉटेलवाले जेवढे जबाबदार तेवढेच आपणही. ‘हे तर घरी मिळतं, त्याला एवढे पैसे?’ हे वाक्य आपणच वर्षानुवर्षं म्हणत आलो. आता ठेचा प्रत्येक आधुनिक मेन्यूवर दिसतो: ठेचा बटर, ठेचा चीज टोस्ट. तो मागवणारे वाढले, घरी खलबत्त्यात कुटणारे तेवढे वाढले नसावेत.

माशांचं वेगळं. त्याला आपण घराबाहेर मोकळ्या हाताने पैसे देतो. फोर्टमधलं तृष्णा आणि तिथला लोणी-मिरी-लसणातला खेकडा, पार्ल्याचं गजाली, गोव्यात बेताळभाटीचं मार्टिन्स कॉर्नर ही नावं सोहळ्याच्या जेवणासाठी पहिली निघतात. दोन सूचना. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या काळात वाढदिवस येत असेल तर ताजा मासा कुठून आला हे वेटरला विचारायला लाजू नये, आणि जमत असेल तर नारळी पौर्णिमेनंतरचा मुहूर्त काढावा. दुसरी सूचना पोशाखाची: पैठणी नेसून खेकडा फोडता येत नाही. पेशावरीसारख्या ठिकाणी हातानेच जेवायचा रिवाज म्हणून गळ्यात बांधायला एप्रन देतात, पण साखरपुड्याच्या फोटोत ते कितपत शोभेल याचा विचार ज्याने त्याने करावा. पुण्याची तऱ्हा निराळी: तिथे कोरेगाव पार्कचं मलाका स्पाइस १९९७ पासून तरुण मंडळींची हौस भागवतं. थोरांची हौस अजून आळूच्या फदफद्यावर आणि जिलबी-मठ्ठ्यावर भागते, आणि त्यासाठी थाळीची ठिकाणं पुण्याइतकी चांगली क्वचितच कुठे असतील.

मागवण्याआधी तारीख पाहावी. संकष्टी, गुरुवार, श्रावण, कुणाचा सोळा सोमवारांचा नेम: बारा जणांत दोघांचा तरी उपास निघतोच. मोठी हॉटेलं आधी सांगितलं तर साबुदाण्याची खिचडीसुद्धा करून देतात, ऐनवेळी सांगितलं तर फळं कापून आणतात. २ ऑक्टोबर किंवा अनंत चतुर्दशी असेल तर कोरडा दिवस. शिवाय महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वयाची अट २१ आहे, कडक दारूसाठी २५. चिरंजीवांच्या चोविसाव्या वाढदिवसाला वडिलांनी हौसेने व्हिस्की मागवली तर कायद्याने ती त्यांना एकट्यालाच प्यावी लागेल. गोव्यात हीच अट १८ ची.

आणि बिल. स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये जेवणावर ५ टक्के जीएसटी लागतो. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांवर जातं, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के. सेवाशुल्क घेतलं तर कर त्यावरही चढतो. म्हणजे दहा हजारांचं जेवण एका ठिकाणी १०,५०० ला पडतं आणि दुसरीकडे दहा टक्के सेवाशुल्क धरून १२,९८० ला. हे सेवाशुल्क आपोआप बिलात धरता येणार नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी सांगितलं होतं. हॉटेलवाले न्यायालयात गेले, आणि २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ती मार्गदर्शक तत्त्वं योग्य ठरवली. तेव्हा देणं न देणं तुमच्या मर्जीवर. अर्थात आईच्या साठीला, सगळ्यांदेखत, मॅनेजरशी यावरून वाद घालावा का? मी घालत नाही. टेबल राखून ठेवताना फोनवरच विचारून घेतो.

आणखी एक गोष्ट आधीच उरकता येते. मराठी कुटुंबात बिल आलं की दोन भाऊ आणि एक जावई एकाच वेळी पाकिटं काढतात, मग ओढाताण, मग ‘पुढच्या वेळी माझं’, आणि तोवर आईस्क्रीम विरघळतं. जेवणाआधी गुपचूप काउंटरवर जाऊन कार्ड देऊन ठेवावं. बिलाचं फोल्डर टेबलावर येतच नाही. जावईबापू दोन दिवस नाराज राहतात, एवढंच.